सोमवारी मौन

अच्युतकाकांना एककाशिवायचा आकडा सहन होत नसे. माझी आई फोनवर "पाचात आलेच" म्हणाली, तर पलीकडून ते शांतपणे विचारीत, "पाच काय? मिनिटं, तास, की वर्षं?" एकक नसलेला आकडा म्हणजे अफवा, असे त्यांचे मत होते. शाळेत असताना मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून भौतिकशास्त्राची गणिते सोडवीत असे. त्यांतली कित्येक त्यांनी उत्तर बरोबर असूनही खोडली, कारण आकड्यापुढे मीटर लिहायचे राहिले होते. आज मी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलमधल्या एका जैवतंत्रज्ञान कंपनीत प्रथिनांच्या शुद्धीकरणावर काम करते आणि हाताखालच्यांचे अहवाल नेमक्या याच कारणासाठी परत पाठवते. माझ्यात जी काही व्यावसायिक शिस्त आहे, ती शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्या टेबलावरून आलेली आहे. हे आधीच नमूद करते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते फारसे गोड नाही.

काका मूळचे साताऱ्याचे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेले आणि रोज सकाळी शाळेआधी गड चढून येणारे. अमेरिकेत त्यांनी उभा जन्म पाणीपुरवठ्याचा अभियंता म्हणून काढला. आम्ही भारतातून नेपरव्हिलला आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. काकांशी नाते शेजाराचेच; त्यांचे घर आमच्यापासून दोन घरे सोडून होते. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काळ्या रंगाने काढलेली होती, त्यामुळे पक्कड जागेवर नसली तर तिची सावली तेवढी दिसे. हिवाळ्यात बर्फ उपसण्याआधी ते अंगणात पोलादी पट्टी खुपसत आणि मग माझ्या बाबांना फोन करून सांगत, "साडेसहा इंच. टीव्हीवाले आठ म्हणत होते. हे लोक मोजत नाहीत, बोलतात."

या माणसाच्या बोलण्यात एकच शब्द असा होता ज्याला त्यांनी कधीही एकक लावले नाही. तो शब्द म्हणजे 'बघू'.

वरवर पाहता त्याचा अर्थ विचार करू, ठरवू, असा होतो. मराठी घरांत वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते की वडीलधाऱ्याच्या तोंडचा 'बघू' म्हणजे नकार, फक्त त्याला चहा पाजून बाहेर पाठवलेले असते. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना मात्र हे कोणी सांगत नाही. काकांची मुलगी, माझी रूपाताई, हायस्कूलमध्ये असताना त्यांच्या वर्गाची युरोपची सहल निघाली. तिने विचारले. काका म्हणाले, "बघू." तिने त्याचा शब्दशः अर्थ घेतला, आपले वडील विचार करीत आहेत. मैत्रिणींना सांगितले की मी येणार. ग्रंथालयातून नकाशांचे पुस्तक आणले. सहलीला निघणाऱ्यांची यादी शाळेत लागली तेव्हा तिने आपले नाव वरून खाली दोनदा शोधले. घरी येऊन तिने विचारले तर काका खरोखरच आश्चर्याने म्हणाले, "पण मी हो कुठं म्हटलं होतं?" ही हकिगत मला तिनेच सांगितली. ती माझ्याहून बरीच मोठी. लहानपणी मला सांभाळायला येत असे. सांगताना ती हसत होती, परंतु नकाशांच्या पुस्तकाचा रंग तिला अजून आठवत होता.

काकांच्या पत्नी विजूकाकू. आमच्या रविवारच्या मराठी वर्गाच्या त्या शिक्षिका. मी हे जे लिहिते आहे ती मराठी त्यांनी घडवलेली आहे. लग्नाआधी पुण्यात त्या चार वर्षे जर्मन शिकल्या होत्या, वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झाल्या होत्या, आणि एखाद्या कंपनीत दुभाषी व्हायचे असे त्यांनी ठरवले होते. मग साताऱ्याचे अमेरिकेतले स्थळ आले. जर्मनीला एकदा जाऊन येऊ या, असे त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी सुचवले होते. उत्तर काय मिळाले ते सांगायला नको. त्यानंतरची प्रत्येक मोठी सुट्टी भारतात गेली. चार मोठ्या बॅगा, आत्याच्या मुलीचे लग्न, कोणाची तरी मुंज. काकूंनी दुसऱ्यांदा कधी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

म्हणून लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी काकांनी ऱ्हाइन नदीवरच्या आठवडाभराच्या बोटप्रवासाची घोषणा केली, तेव्हा आमच्या सगळ्या ओळखीच्या घरांत आनंद झाला. दहा माणसे, पाच केबिन. काका-काकू, एडिसनला राहणारा मुलगा निखिल, त्याची बायको, दोन मुले, बॉथेलला माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहणारी रूपाताई, तिचा नवरा, दोन मुली. मला काका फोनवर म्हणाले, "विजूला जर्मनी दाखवायची राहिली होती, अनघा. आता बघू नाही. आता मे महिना, पहिला आठवडा." आवाजात विजय होता. पन्नास वर्षांनी त्यांनी त्या शब्दाला एकक लावले होते.

मग तक्ता सुरू झाला. नदीकाठच्या प्रत्येक किल्ल्याला एक ओळ. पहिल्या रकान्यात नाव आणि दुसऱ्यात प्रकार: गिरिदुर्ग, भुईकोट, जलदुर्ग. काउब नावाच्या गावासमोर नदीच्या मधोमध एका खडकावर उभा असलेला किल्ला हा अर्थातच जलदुर्ग, आणि काकांचा सर्वांत लाडका. पुढे नदीपासूनची उंची, पायऱ्यांची संख्या, कठडा आहे की नाही, स्वच्छतागृह किती पावलांवर, आणि शेवटचा रकाना 'विजूसाठी विसावा'. गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मी नेपरव्हिलला गेले तेव्हा हा तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता आणि ताटे कडेला सरकली होती.

"तुमच्या किल्ल्याला टाळं लावा आणि जेवायला बसा," काकू म्हणाल्या.

"अगं, पायऱ्या एकशे ऐंशी आहेत की दोनशे, हे नक्की होत नाही. यांच्या वेबसाइटवर नुसतं 'बऱ्याच' लिहिलंय. बऱ्याच! जर्मन लोक असून!"

अडचण अशी होती की त्या गावांची बारीकसारीक माहिती बहुतेक जर्मनमध्येच होती. काका पाने छापून घेत, त्यावर फोन धरत आणि भाषांतराचे ॲप त्याचे इंग्रजी करून दाखवी. एका डोंगरी किल्ल्याच्या पानावर सोमवारसमोर 'क्वाएट डे' असे आले. काकांनी चष्मा वर केला. "शांततेचा दिवस. म्हणजे सोमवारी आत बोलायचं नाही की काय? असेल बुवा. जुनं प्रार्थनास्थळ असेल आत." त्यांना ही कल्पना फार आवडली. गडावर गर्दी, त्यात सर्वांचे तोंड बंद! त्यांनी तो किल्ला मुद्दाम सोमवारी घेतला आणि शेरा लिहिला: 'सोमवारी मौन पाळावे. नातवंडांना आधी सूचना देणे.'

काकू समोर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी पानाकडे एकदा पाहिले, किंचित हसल्या आणि पुढची जुडी सोडली. ते हसू मी पाहिले. निरीक्षण हा माझा व्यवसाय आहे, आणि तरीही त्या दिवशी मी त्याची नोंद केली नाही.

काकांना भीती फक्त पाण्याची होती. ऱ्हाइनची पातळी उतरली की बोटी थांबतात आणि प्रवाशांना बसमध्ये घालतात, हे त्यांनी वाचले होते. काउबला नदीची पातळी मोजतात आणि तो आकडा रोज जाहीर होतो. काका तो सकाळच्या चहाबरोबर पाहत. मला आठवड्यातून दोनदा संदेश येई: 'काउब, आज एकशे चव्वेचाळीस सेंटिमीटर. काळजी नाही.' काकूंच्या गुडघ्यांसाठी त्यांनी सरावही सुरू केला होता. हिवाळ्यात मॉल उघडण्याच्या वेळी दोघे जात आणि बंद दुकानांपुढून तीन फेऱ्या मारीत. काका दोन पावले पुढे, हातात पावले मोजायचे यंत्र. काकू मागे. बर्फ वितळले की रेल्वे स्टेशनवर जायचे असे ठरले होते, कारण तिथल्या भुयारी मार्गाला पायऱ्या होत्या आणि घरच्या चौदा पायऱ्या काकांच्या मते "किल्ल्याच्या लायकीच्या नव्हत्या."

त्याच थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी निखिलचा व्हिडिओ कॉल आला. तोवर दोन्ही मुलांची उत्तरे 'साउंड्स ग्रेट, बाबा' एवढीच होती आणि काकांनी ती होकारात धरली होती. त्या दिवशी त्यांनी नातवंडांना तक्ता कॅमेऱ्यापुढे धरून दाखवला.

"आजोबा, देअर विल बी वायफाय, राइट?" नातवाने विचारले.

"किती एमबीपीएस हवं ते सांग. नुसतं वायफाय म्हणजे काय?"

सगळे हसले. मग काका म्हणाले, "निखिल, पासपोर्टच्या कॉपी पाठव. या शुक्रवारपर्यंत."

निखिलने बायकोकडे पाहिले. "बाबा, मे इज टफ. मुलांच्या फायनल्स असतात, माझं सॉफ्टवेअर रिलीज आहे." आणि मग त्या घरातून त्याच्याबरोबर आलेल्या मोजक्या मराठी शब्दांपैकी एक त्याने काढला. "बघू, बाबा."

कॉल संपल्यावर काकांनी पेन्सिल घेतली आणि निखिलच्या चार नावांपुढे काहीतरी केले. मला वाटले प्रश्नचिन्ह असेल. नंतर तक्ता घडी घालताना मी पाहिले, तर त्यांनी नावेच खोडली होती. त्या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी समजावण्याची आवश्यकता नव्हती.

डिसेंबरमध्ये रूपाताईकडे जेवायला गेले असता मी विषय काढला. काकांनी मला तशी गळच घातली होती. "तू सांग तिला, तुझं ऐकते." आम्ही येत नाही, असे ती डिशवॉशर भरता भरताच म्हणाली.

"काय कारण देणार आहेस?" मी विचारले.

"कारण कशाला? मी बघू म्हणणार." तिने एक वाडगा उलटा करून बसवला. "तेवढं एक मराठी मला परफेक्ट येतं, अनघा. प्रोनन्सिएशनसकट."

"हे जरा क्रूर नाही का? त्यांनी पायऱ्या मोजल्यात. तुझ्या मुलींसाठी विसाव्याच्या जागा काढल्यात."

"आय नो. ते नेहमीच सगळं मोजतात. पण त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, तुला यायचंय का. डेट सांगितली." मग ती वळली. "आणि सॉरी यार, क्रूर वगैरे काही नाही. मला खरंच यायचं नाहीये. पंधराव्या वर्षी यायचं होतं."

ही दोन उत्तरे ऐकून त्या आठ माणसांना, किंवा त्यांच्या कारणांना, मी दोष देऊ शकले नाही. मात्र ही मुले आपल्या बापावर त्याचेच शस्त्र चालवताना आईचा विचार करीत नव्हती, हे मला दिसत होते, आणि ते मी रूपाताईला बोलून दाखवले नाही. जेवण चांगले होते. मी दुसऱ्यांदा भात घेतला.

जानेवारीत काकांनी मला फोन केला. आधी काउबची पातळी सांगितली. मग घसा खाकरून म्हणाले, "केबिन अजून सोडलेल्या नाहीत मी. तू येतेस का? विजूला तुझी सोबत होईल. तुला सुट्टी मिळेल का, सात दिवस?"

मे महिन्यात माझ्या गटाच्या निष्कर्षांचे सादरीकरण होते आणि त्यावर माझी बढती अवलंबून होती. हे मी स्पष्ट सांगू शकले असते. काकांना स्पष्ट उत्तर, तारखेसह दिलेले, नेहमीच आवडे. मी म्हणाले, "बघते, काका."

जन्मभर "कधीपर्यंत?" विचारणाऱ्या माणसाने त्या वेळी काहीही विचारले नाही. "बरं बरं," म्हणाले, आणि शिकागोत किती अंश थंडी आहे ते सांगून फोन ठेवला.

फेब्रुवारीत बाबांची साठी होती म्हणून मी पुन्हा नेपरव्हिलला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांकडे गेले. टेबलावर नवा तक्ता होता. दोनच माणसांचा, अधिक मोकळा. मुलांसाठीचे रकाने नाहीसे झाले होते. काका उत्साहात होते, किंवा तसे दिसण्याचा यत्न करीत होते.

"एका परीनं बरंच झालं," ते मला म्हणाले. "दहा माणसं म्हणजे दहा वेळा बाथरूम. आता आपल्या वेगानं जाता येईल. काय विजू? आपण दोघंच जाऊ. पुढचा शुक्रवार शेवटची तारीख. कळवून टाकू?"

काकू गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी आच कमी केली. वळून काकांकडे नीट पाहिले. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मी खात्रीने सांगते. राग असता तर काकांना उत्तर देता आले असते.

"बघू," त्या म्हणाल्या.

"बघू म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही?"

काकांनी पेन्सिल तक्त्यावर ठेवली. मग "गॅरेजमध्ये जरा काम आहे" म्हणून उठले. दार लागले.

मी काकूंना विचारले, कारण कोणीतरी विचारायला हवे होते. "काकू, पन्नास वर्षं तुम्हाला जायचं होतं ना?"

"होतं की." त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. "अनू, मला किल्ले बघायचे नव्हतेच गं कधी. किल्ले त्यांना बघायचेत, ते सातारचे. मला तिथल्या एखाद्या बेकरीत जाऊन पाव मागायचा होता. माझ्या तोंडानं. आणि त्या बाईनं मला उलट काहीतरी विचारायला हवं होतं, आणि मला ते समजायला हवं होतं. एवढंच." त्यांनी काकांचा नवा तक्ता स्वतःकडे ओढला आणि सोमवारच्या ओळीवर बोट ठेवले. "हे मौन पाळावे बघितलंस? मूळ शब्द रूहेताग आहे. शब्दशः शांततेचा दिवस, पण अर्थ सुट्टीचा दिवस. सोमवारी तो किल्ला बंद असतो. दाराला कुलूप असतं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं?"

आवाज चढलेला नव्हता. वर्गात काना-मात्रा दुरुस्त करताना असे, तसाच होता. "वर्षभर मी या खुर्चीत बसून आहे. ते त्या फोनला विचारतात. फोन काहीतरी सांगतो, ते लिहून घेतात. एकदा म्हणायचं होतं, विजू, हे काय लिहिलंय गं? एकदा. मी उठून बॅग भरली असती, गुडघ्यासकट." मग हसून म्हणाल्या, "जर्मनमध्ये बघूसारखा एक शब्द आहे, फिलाइश्त. पण तो आपल्यासारखा खोटा नसतो. त्याचा अर्थ खरंच कदाचित, एवढाच असतो. चहा घे, निवतोय."

मी चहा घेतला. मीही त्यांना कधी विचारले नव्हते. त्यांनी मला एक संपूर्ण भाषा शिकवली, आणि त्यांच्याकडे आणखी एक होती, याकडे मी 'काकू जर्मन शिकल्या होत्या' या एका वाक्यापलीकडे कधी पाहिले नाही. भूतकाळात लिहिलेले वाक्य. वर मी ते तसेच लिहिले आहे, खोडत नाही.

काकांना हे कोणी सांगितले नाही. काकूंनी नाही, मीही नाही. शुक्रवार आला आणि गेला. केबिन सुटल्या. तक्ता कुठे गेला ते मला माहीत नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझे सादरीकरण शिकागोला झाले. हा योगायोग मी आधी सांगितला नाही, कारण तो मलाच नीट सांगवत नाही: ज्या आठवड्याची मला सवड नव्हती, त्या आठवड्यात मी नेपरव्हिललाच होते. आईवडिलांकडे उतरून सोमवारी सकाळी शहरात जायला स्टेशनवर गेले. भुयारी मार्गाच्या तोंडाशी काका दिसले. पायांत नवे, जाड तळव्यांचे बूट. ते पायऱ्या उतरत होते, खाली भिंतीला हात लावून वळत होते आणि परत चढत होते. ओठ हलत होते. कामाला निघालेली माणसे त्यांना वळसा घालून जात होती. काकू बरोबर नव्हत्या.

"अरे, अनघा!" वर येऊन ते कठड्याला धरून थांबले. श्वास लागला होता. "चौथी फेरी. शंभर पायऱ्यांवर गेलो."

"काका, आता कशाला?"

हा प्रश्न त्यांनी ऐकलाच नाही, किंवा त्याला एकक नव्हते. घड्याळाकडे पाहून म्हणाले, "आता तिथं दुपार. आज आपण त्या डोंगरी किल्ल्यावर असतो, माहिती आहे? सोमवार ना आज. मौनाचा दिवस." ते हसले. "एवढी माणसं आणि कुणी बोलत नाही. बघायला हवं होतं." मग जरा पुढे झुकून, एखादी खाजगी गोष्ट सांगावी तसे म्हणाले, "काउबला दोनशे सहा सेंटिमीटर आहे आज. पाणी भरपूर आहे, बरं का. पाण्यानं काही अडलं नसतं."

सोमवारचे ते कुलूप माझ्या अगदी जिभेवर होते. गाडी आली. मी "येते, काका" म्हणाले. दार बंद होताना काचेतून पाहिले, तर ते पुन्हा खाली निघाले होते, मोजत, आणि त्यांच्या डाव्या बाजूला, कठड्याकडे, एक माणूस मावेल एवढी जागा त्यांनी मोकळी सोडली होती.